‘श्यामची आई’ आणि ‘तोत्तोचान’ : दोन देशांतील बालपण व पालकत्व यांचा तौलनिक विचार

सारांश :
साने गुरुजींचे ‘श्यामची आई’ आणि तेत्सुको कुरोयानागी यांचे ‘तोत्तोचान’ ही बालपणाच्या आठवणींवर आधारलेली दोन पुस्तके मराठी घरांत आणि अध्यापक विद्यालयांत पालकत्वाचे आदर्श म्हणून वाचली जातात. पहिले भारतीय संस्काराचे आणि दुसरे परदेशी स्वातंत्र्याचे प्रतीक, अशी त्यांची विभागणी रूढ आहे. ही विभागणी अपुरी असल्याचे प्रस्तुत लेखात समान प्रसंगांच्या तुलनेतून दाखविले आहे. दोन्ही पुस्तकांतील खरा फरक दोन संस्कृतींत नसून आईच्या पाठीशी कोण उभे आहे या प्रश्नात आहे, हे या लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजशब्द : बालपण, पालकत्व, आत्मपर लेखन, तौलनिक अभ्यास, शाळा, संस्कार.

प्रस्तावना :
पदवीच्या मराठी वर्गात आत्मपर लेखन शिकविताना ‘श्यामची आई’चा उल्लेख झाला की वर्गात एक ठरावीक शांतता पसरते. पुस्तक पूर्ण वाचलेले विद्यार्थी थोडे असतात. परंतु त्यातील आई सर्वांच्या परिचयाची असते. काही वर्षांपूर्वी याच ओघात ‘तोत्तोचान’मधील काही प्रकरणे वर्गात वाचून दाखविली. त्यानंतरच्या चर्चेत विद्यार्थ्यांचे सरळ दोन गट पडले. आपल्याकडे संस्कार आहेत, असे एका गटाचे म्हणणे होते. त्यांच्याकडे मुलांना मोकळीक आहे, असे दुसऱ्या गटाचे. चर्चा संपत आली तेव्हा मागच्या बाकावरील एका विद्यार्थिनीने विचारले, “माझे आईवडील मुंबईला असतात. मला आजीने वाढवले. मग यातले माझे पुस्तक कोणते?”

शिराळा तालुक्यातील महाविद्यालयात हा प्रश्न अनपेक्षित नाही. या डोंगराळ भागातून पिढ्यान्‌पिढ्या माणसे पोटासाठी मुंबईस गेली आणि अनेक घरांत नातवंडे आजीआजोबांच्या हाताखाली वाढली. त्या दिवशी या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर देता आले नाही. प्रस्तुत लेख म्हणजे त्या उत्तराचा एक प्रयत्न होय. या दोन पुस्तकांवरून दोन देशांतील बालपणाविषयी काय म्हणता येते आणि काय म्हणता येत नाही, हे तपासणे हा त्याचा हेतू आहे.

दोन पुस्तके, दोन काळ :
‘श्यामची आई’ साने गुरुजींनी फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिले. १९३५ साली ते प्रसिद्ध झाले. त्यातील बालपण मात्र त्याआधीचे आहे. गुरुजींचा जन्म १८९९ चा, दापोली तालुक्यातील पालगडचा. त्यांच्या आईचे, यशोदाबाईंचे, निधन १९१७ साली झाले. म्हणजे पुस्तकातील काळ विसाव्या शतकाच्या पहिल्या दीड दशकाचा आहे. शिक्षणासाठी गुरुजी काही काळ आपल्या भागातील औंध संस्थानातही राहिले होते. आचार्य अत्रे यांनी १९५३ मध्ये या पुस्तकावर काढलेल्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले आणि ही आई पुस्तक न वाचणाऱ्यांच्याही घरात पोहोचली.

ज्या वर्षी नाशिकच्या तुरुंगात हे लेखन झाले, त्याच १९३३ सालच्या ऑगस्टमध्ये टोकियोत तेत्सुको कुरोयानागी यांचा जन्म झाला. तोत्तोचान हे त्यांचे लहानपणीचे नाव. त्यांचे पुस्तक जपानमध्ये १९८१ साली प्रसिद्ध झाले. चेतना सरदेशमुख गोसावी यांनी केलेला त्याचा मराठी अनुवाद नॅशनल बुक ट्रस्टने काढला आणि शिक्षणक्षेत्रात त्याला मोठा वाचकवर्ग लाभला. वर्तनामुळे पहिलीतच शाळेतून काढून टाकलेली मुलगी, तिला सामावून घेणारी ‘तोमोए’ ही शाळा आणि तिचे मुख्याध्यापक सोसाकु कोबायाशी ही या पुस्तकाची मध्यवर्ती त्रयी आहे. मूळ जपानी शीर्षकात ‘खिडकीपाशी असलेली’ असे विशेषण आहे. त्या काळी जपानी कचेऱ्यांत मुख्य कामातून बाजूला सारलेल्या माणसांबद्दल हा शब्दप्रयोग केला जाई. भर वर्गात खिडकीशी उभी राहून रस्त्यावरील वादकांना हाका मारणाऱ्या मुलीला तो दोन्ही अर्थांनी लागू पडतो.

योगायोग असा की २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ‘श्यामची आई’वरील नवा मराठी चित्रपट आला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये जपानमध्ये ‘तोत्तोचान’वरील चलत्‌चित्रपट प्रदर्शित झाला. दोन्ही समाजांना ही बालपणे पुन्हा पाहावीशी वाटत आहेत. आपण आज मूल कसे वाढवावे, याविषयीचा संभ्रमही या ओढीमागे असावा.

पाणी आणि भय :
दोन्ही पुस्तकांत पोहण्याचा प्रसंग आहे आणि तुलनेची सुरुवात तेथूनच करणे सोयीचे आहे.

श्याम पाण्याला भितो. गावातील मुले विहिरीत उड्या टाकत असताना तो घरात लपून बसतो. आई त्याला शोधून काढते, मारून बाहेर घालवते आणि पोहायला धाडते. तो पाण्यात पडतो, त्याची भीती मोडते. नंतर आई त्याला जवळ घेऊन समजावते की, आपल्या मुलाला कोणी भित्रा म्हणावे हे तिला सहन होणारे नव्हते. हा प्रसंग वर्गात वाचताना वारणेच्या काठावरील गावांतून आलेली मुले ओळखीचे हसतात. ढकलल्याशिवाय पोहणे येत नाही, हे त्यांनीही ऐकलेले असते.

तोमोए शाळेतील पोहण्याच्या तलावावर मुलामुलींना पोहण्याचे कपडे घालण्याची सक्ती नव्हती. ती उघडीच पाण्यात उतरत. शाळेत पोलिओमुळे हातपाय अधू झालेली आणि वाढ खुंटलेली मुले होती. आपले शरीर इतरांपेक्षा वेगळे आहे याची लाज त्यांच्या मनात राहू नये, ही कोबायाशींची त्यामागील दृष्टी होती. तेथे घालवायचे होते ते पाण्याचे भय नव्हे, तर इतरांच्या नजरेचे भय.

वरवर पाहता एका बाजूस शिक्षा आणि दुसऱ्या बाजूस मोकळीक असे चित्र दिसते. परंतु दोन्ही प्रसंगांच्या मुळाशी ‘लोक काय म्हणतील’ हाच प्रश्न आहे. श्यामची आई त्या लोकांना गृहीत धरते. लोक भित्रा म्हणणारच, तेव्हा मुलानेच धीट व्हावे. कोबायाशी लोकांनाच बदलू पाहतात. पन्नासेक मुलांच्या शाळेत, चार भिंतींच्या आत, नजरेची एक नवी सवय लावणे त्यांना शक्य होते. पालगडच्या एका स्त्रीच्या हाती गावाची नजर बदलणे नव्हते. तिच्या हाती फक्त मुलगा होता. तिचा मार त्यामुळे समर्थनीय ठरत नाही, पण त्याचे कारण समजते. आपण मात्र गेल्या नव्वद वर्षांत त्या कारणाचा विचार बाजूला ठेवून मारालाच प्रेमाचे प्रमाणपत्र मानत आलो, हे नोंदविले पाहिजे.

मळ आणि स्वच्छता :
दुसरी जोडी मळाची आहे. स्नान झाल्यावर तळवे मातीने भरू नयेत म्हणून श्याम हट्ट धरतो. आई आपल्या लुगड्याचा पदर पसरून त्यावर त्याला पाय ठेवू देते. नंतर, पायांना जसे जपतोस तसेच मनालाही जप, अशा आशयाचे सांगते. मराठी समाजाच्या स्मरणात इतका खोल रुजलेला दुसरा प्रसंग क्वचितच सापडेल. येथे मळ हे रूपक आहे. लहानशा हट्टाचे बोट धरून आई नीतीपर्यंत पोहोचते.

तोत्तोचानचे आवडते पाकीट शाळेच्या संडासात पडते. ती लांब दांड्याचा डोह्या आणते आणि मैल्याच्या टाकीतील घाण उपसून बाहेर टाकू लागते. ढीग वाढत जातो. तेथून जाणारे मुख्याध्यापक ती काय करते आहे हे विचारतात आणि काम झाल्यावर हे सगळे पुन्हा आत टाकशील ना, एवढेच म्हणून पुढे जातात. पाकीट सापडत नाही. मुलगी घाण परत आत टाकते. जमिनीत मुरलेल्या पाण्याचे काय करायचे, याचाही विचार करते. येथे मळ हे रूपक नाही, मळ म्हणजे मळच आहे. कोणताही बोध शब्दांत सांगितलेला नाही. मोठ्या माणसाने आपल्यावर विश्वास टाकला, एवढीच जाणीव मुलीच्या वाट्याला येते.

या दोन प्रसंगांतून दोन्ही पुस्तकांच्या रचनेतील भेद स्पष्ट होतो. ‘श्यामची आई’ आश्रमातील मित्रांना रात्री सांगितलेल्या आठवणींच्या रूपात आहे. बेचाळीस रात्रींच्या या कथनात श्रोते समोर आहेत, त्यामुळे प्रसंग बोधाकडे झुकतो. कीर्तनाची, पोथीची, आजीच्या गोष्टीची जी परंपरा गुरुजींना लाभली, तिचा हा स्वाभाविक परिणाम आहे. ‘तोत्तोचान’मध्ये लेखिका स्वतःकडेच तृतीयपुरुषी दृष्टीने पाहते. प्रकरणे लहान आहेत आणि मुलीला त्या क्षणी जेवढे कळले, जवळपास तेवढ्यावरच ती थांबतात. त्यामुळे आपण ज्याला दोन देशांतील पालकत्वाचा फरक समजतो, त्याचा काही भाग वस्तुतः दोन कथनपद्धतींचा फरक आहे. समीक्षेने हे भान न ठेवल्यास साहित्याचा गुणधर्म समाजाच्या माथी मारला जातो.

परक्याचे मूल :
पालकत्वाची खरी परीक्षा आपल्या मुलाशी कसे वागावे यात नसते. दुसऱ्याशी वागायला आपण मुलाला काय शिकवतो, यात ती असते. या कसोटीवर दोन्ही पुस्तके एकमेकांच्या अतिशय जवळ येतात.

लाकडाची मोळी खाली पडल्याने अडून राहिलेल्या वृद्ध महार स्त्रीच्या डोक्यावर मोळी उचलून देण्यास श्यामची आई त्याला सांगते. त्या काळच्या कोकणातील ब्राह्मण घरात हे सांगणे लहान गोष्ट नव्हते. परंतु त्याच वेळी घरी येऊन अंघोळ करण्याचेही ती सांगते. म्हणजे करुणा रूढीच्या उंबरठ्यापर्यंत येते आणि तेथे थबकते. हेच गुरुजी मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांसाठी खुले व्हावे म्हणून प्राणांतिक उपोषणाला बसले. आईच्या शिकवणीतील अर्धा भाग त्यांनी स्वीकारला आणि उरलेला ओलांडला. संस्काराची याहून चांगली व्याख्या करता येणे कठीण आहे. मुलाने आईच्या पुढे जाणे, हेही आईचेच यश असते.

तोत्तोचानला रस्त्यात मासाओ नावाचा कोरियन मुलगा भेटतो आणि तिच्यावर ‘कोरियन’ हा शब्द शिवीसारखा फेकतो. तिला अर्थ कळत नाही. ती घरी येऊन सांगते. आईच्या डोळ्यांत पाणी येते. त्या मुलाला लोकांनी हा शब्द इतक्या वेळा हिणवून ऐकवला असेल, की ती शिवीच आहे असे त्याला वाटू लागले, हे ती मुलीला समजावते. १९१० पासून कोरिया जपानच्या ताब्यात होता आणि टोकियोतील कोरियन कुटुंबे अवहेलना सोसत होती. एका बाजूस जात, दुसऱ्या बाजूस वंश व साम्राज्य. दोन्हीकडे समाजाने दिलेले विष मुलापर्यंत पोहोचण्याच्या क्षणी आई मध्ये उभी राहते.

तोमोए शाळेतील आणखी एक प्रसंग येथे आठवतो. वाढ खुंटलेल्या ताकाहाशीला एका शिक्षिकेने वर्गात सहज गमतीने, तुला शेपूट आहे का, असे विचारले. कोबायाशी त्या शिक्षिकेवर संतापले. पण वर्गासमोर नव्हे. त्या दोघांचे बोलणे स्वयंपाकघरात चालले असताना तोत्तोचानच्या कानी पडले. मुलाची चूक असता विश्वास आणि मोठ्यांची चूक असता जाब, हे या शाळेचे सूत्र होते. आपल्या शिक्षणव्यवस्थेत बहुतेक वेळा याच्या उलट घडते. अध्यापक म्हणून आपण सर्वांनीच हे प्रांजळपणे मान्य करावयास हवे.

सांगणारी आई आणि न सांगणारी आई :
येथवरच्या विवेचनातून या दोन मातांमधील मुख्य भेद हाती येतो. श्यामची आई सांगणारी आई आहे. देव, गाय, फूल, भाऊ, गरिबी, मृत्यू यांपैकी प्रत्येकाविषयी तिच्यापाशी सांगण्यासारखे काही आहे. तोत्तोचानची आई न सांगणारी आहे. मुलीला पहिल्या शाळेतून काढून टाकले, ही गोष्ट तिने मुलगी वीस वर्षांची होईपर्यंत तिला कळू दिली नाही. आपण आता दुसऱ्या शाळेत जाऊन पाहू या का, एवढेच तिने त्या वेळी म्हटले. हा प्रसंग जगभरच्या वाचकांना हलवून गेला आणि तो योग्यच आहे. काढून टाकल्याचा शिक्का घेऊन मुलगी नव्या शाळेच्या दारात उभी राहिली असती, तर मुख्याध्यापकांशी चार तास मोकळेपणाने बोलली नसती.

परंतु हे मौन कशाच्या बळावर शक्य झाले, हा प्रश्न आपण विचारत नाही. वडील वादकवृंदात व्हायोलिन वाजवीत. कुटुंब राजधानीच्या शहरात राहत होते. एक दार बंद झाल्यावर ठोठावता येईल असे दुसरे दार जवळपास होते. त्या दारामागे युरोपातून संगीत व शरीरलयीचे शिक्षण घेऊन आलेला आणि मुलाचे बोलणे चार तास ऐकून घेणारा माणूस होता. आई गप्प राहू शकली, कारण ऐकणारी एक संस्था अस्तित्वात होती.

श्यामच्या आईपाशी यांतले काय होते? वाटणीनंतर उतरलेले घर, वाढते कर्ज, सावकाराच्या माणसाचे दारात येऊन अपमान करणे आणि त्यात खंगत गेलेली प्रकृती. आधार होता तो घरातील दूर्वांच्या आजीचा, शेजारणींचा आणि शेवटच्या आजारात धावून आलेल्या सखूमावशीचा. म्हणजे जो काही आधार होता तो स्त्रियांचाच, आणि तोही तिच्याइतकाच हतबल. ज्या मुलाला तिने एवढे सांगितले, तो तिच्या अखेरच्या क्षणी जवळ नव्हता. शिकण्यासाठी तो दूर गेला होता. गावात राहून त्याचे शिक्षण होण्यासारखे नव्हते. तिला सर्व काही स्वतःच सांगावे लागले, याचे कारण ते सांगणारे दुसरे कोणी नव्हते, हेही आहे. शाळा, शासन, समाज यांनी करावयाचे काम तिने पदराआड घेऊन एकटीने केले आणि आपण त्या एकटेपणालाच मातृत्वाचा आदर्श ठरविले.

हा मुद्दा केवळ ग्रंथनिष्ठ नाही. आजही मूल शाळेत मागे पडले, बिघडले वा व्यसनाला लागले की पहिला प्रश्न ‘आईने काय शिकवले?’ असाच येतो. ‘श्यामची आई’ या नावाचा उपयोग तेव्हा आदरासाठी होत नाही, मापासाठी होतो. दिवसभर शेतात राबून आलेली वा मुंबईत धुणीभांडी करणारी आई त्या मापात कधीच बसत नाही.

तिसरे बालपण :
दोन पुस्तकांवरून दोन देशांची तुलना करताना आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. तोमोए म्हणजे जपान नव्हे. १९३७ साली सुरू झालेली ही शाळा युद्धज्वराने पेटलेल्या, शाळाशाळांतून आज्ञापालन घोटून घेणाऱ्या देशातील एक अपवाद होती. १९४५ च्या हवाई हल्ल्यात ती जळाली आणि पुन्हा त्या रूपात उभी राहिली नाही. तोत्तोचानला बाहेर काढणारी पहिली शाळा हीच त्या काळच्या जपानची प्रातिनिधिक शाळा म्हणावी लागेल. युद्धसामग्रीच्या कारखान्यांत लष्करी गाणी वाजविल्यास साखर आणि तांदूळ मिळण्याची शक्यता असताना तिच्या वडिलांनी नकार दिला; हे घरही अपवादच होते.

त्याचप्रमाणे श्यामचे घर म्हणजे भारत नव्हे. तोत्तोचान टोकियोत जन्मली त्या सुमारास आपल्या शेजारच्या वाळवा तालुक्यातील वाटेगावचा एक मातंग मुलगा आईवडिलांबरोबर मुंबईची वाट पायी तुडवीत होता. १९२० साली जन्मलेले हे अण्णा भाऊ साठे होत. त्यांची शाळा अवघी दीड दिवसाची. ज्या समाजाला कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरविले होते, त्या समाजातील मुलाला ना पदर पसरून पाय टेकू देणारी फुरसत मिळाली, ना ऐकून घेणारा मुख्याध्यापक. त्यांना अक्षरे मिळाली ती मुंबईच्या रस्त्यांवर, दुकानांच्या पाट्यांवरून आणि कामगारांच्या सहवासात. त्यांच्या आईची गोष्ट कोणत्याही शाळेत आदर्श म्हणून सांगितली जात नाही. तिने मुलाला वाढविले नाही असे मात्र कोण म्हणेल?

या तिसऱ्या बालपणाची आठवण ठेवली की दोन देशांतील अंतर आपोआप कमी होते आणि एकाच देशातील अंतर डोळ्यांत भरते. पालगड आणि टोकियो यांच्यात जेवढा भेद आहे, त्याहून मोठा भेद पालगडचे खोताचे घर आणि वाटेगावचा मांगवाडा यांच्यात आहे.

आजचा संदर्भ :
दोन्ही देशांनी पुढे कायद्याच्या मार्गाने काही पावले टाकली. भारतात २००९ चा बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १६ नुसार प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलास शाळेतून काढून टाकता येत नाही आणि कलम १७ शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई करते. तोत्तोचानवर जी वेळ आली ती आपल्या मुलावर येऊ नये, याची तरतूद निदान कागदावर आहे. मात्र कलम १७ शाळेपुरते आहे. घराचा उंबरठा ते ओलांडत नाही. जपानने २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून एप्रिल २०२० पासून आईवडिलांनी मुलांना शारीरिक शिक्षा देण्यासही मनाई केली.

तथापि कायद्याने शिक्षा थांबविता येते, ऐकणे सुरू करता येत नाही. कोबायाशींची चार तासांची ती पहिली भेट कोणत्याही नियमावलीत नव्हती. आपल्या शाळांत एकेका शिक्षकावर असलेली मुलांची संख्या आणि अशैक्षणिक कामांचा भार लक्षात घेता ती अशक्यप्राय वाटते, हे खरे आहे. पण तिची गरज मात्र येथे अधिक आहे. साखर कारखान्यांच्या हंगामात आपल्या परिसरात मराठवाड्यातून ऊसतोड कामगारांची कुटुंबे येतात आणि फडाजवळच्या कोप्यांत त्यांची मुले काही महिने काढतात. त्या मुलांना बोध करणारे खूप भेटतील. त्यांचे ऐकणारे कितीजण आहेत?

निष्कर्ष :
वरील विवेचनातून पुढील बाबी स्पष्ट होतात.

१. ‘श्यामची आई’ आणि ‘तोत्तोचान’ यांची ‘संस्कार विरुद्ध स्वातंत्र्य’ अशी मांडणी दोन्ही पुस्तकांवर अन्याय करते. दुसऱ्याच्या दुःखाची जाणीव मुलात जागविणे, हा दोन्हींचा समान गाभा आहे.

२. दोहोंतील जो भेद संस्कृतीचा वाटतो, त्याचा काही अंश कथनपद्धतीचा आहे आणि बराच अंश परिस्थितीचा. न सांगणाऱ्या आईच्या मौनामागे एक शाळा उभी होती. सांगणाऱ्या आईमागे कोणी नव्हते.

३. दोन्ही बालपणे आपापल्या समाजातील अपवाद आहेत. त्यांवरून देशाचे अनुमान काढण्यापूर्वी अण्णा भाऊंसारखी, पुस्तकात न मावलेली बालपणे विचारात घेतली पाहिजेत.

४. ‘श्यामची आई’चे आजचे वाचन आईला आदर्शाच्या तराजूत तोलण्यासाठी न होता, तिच्यावर एकटीने सर्व वाहण्याची वेळ का आली, हे समजून घेण्यासाठी व्हावे.

शेवटी त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे परत येणे भाग आहे. तिचे पुस्तक यांपैकी कोणते? प्रामाणिक उत्तर असे की, ते अद्याप कोणी लिहिलेले नाही. मुंबईहून दर महिन्याला पैसे पाठविणारी आई, पाटी-दप्तरापासून तापापर्यंत सारे निभावणारी अशिक्षित आजी आणि सुट्टीत आठ दिवसांपुरते भेटणारे वडील, या पालकत्वाला आपल्या साहित्यात आणि आपल्या शिक्षणविचारातही अजून पुरेशी जागा मिळालेली नाही. श्यामची आई त्या घरात अर्धी मुंबईस आहे आणि अर्धी आजीच्या रूपाने गावी. तोमोए मात्र तेथे नाही. ती निर्माण करणे हे आईचे काम नव्हे, ते शाळेचे आणि महाविद्यालयाचे, म्हणजेच आपले काम आहे. त्या मुलीने प्रश्न विचारला तेव्हा तास संपण्यास पाच मिनिटे होती. चार तास नसले, तरी ती पाच मिनिटे ऐकण्यासाठी वापरता आली असती. ती उत्तर शोधण्यात गेली, ही प्रस्तुत लेखकाची उणीव येथे नोंदविणे उचित वाटते.